जिरावण आणि मीठ : मिश्रण व संयुग

इंदूरच्या मराठी घरांत सकाळच्या पोह्यांवर भुरभुरवले जाणारे जिरावण आणि त्याच पोह्यांतले मीठ, हे दोन्ही चिमटीत सारखेच बसतात. पण रसायनशास्त्र त्यांना वेगवेगळ्या वर्गांत टाकते. जिरावण हे मिश्रण आहे. त्यात जिरे, धणे, बडीशेप, आमचूर, काळे मीठ, हिंग असे जिन्नस एकत्र कुटलेले असले तरी प्रत्येकाची चव शाबूत राहते आणि प्रमाण घराघराला बदलते. चमचाभर जिरावण पाण्यात ढवळून फडक्यातून गाळले, तर काळे मीठ पाण्याबरोबर खाली उतरते आणि मसाल्याची भरड फडक्यावर उरते. ('शुद्ध मसाला' हा दुकानदाराचा शब्द, रसायनशास्त्राच्या अर्थाने कोणताच मसाला शुद्ध नसतो.)

मीठ मात्र संयुग आहे. पाण्याशी जोरदार अभिक्रिया करणारा सोडियम धातू आणि क्लोरीन हा विषारी वायू यांचा संयोग झाल्यावर दोघांचेही मूळ गुण उरत नाहीत. मीठ समुद्राचे असो वा खाणीतले, त्यातील सोडियम क्लोराइडात वजनाने २३ भाग सोडियमला ३५.५ भाग क्लोरीन हेच प्रमाण असते. त्यांना वेगळे करायला चाळणी किंवा फडके उपयोगाचे नाही. सुमारे ८०१ अंश सेल्सिअसला वितळलेल्या मिठातून वीज सोडावी लागते.

खरी फसगत होते ती सराफ्यात. २२ कॅरेटचे सोने एकजीव दिसते, तरी त्यातील २४ पैकी २ भाग तांबे, चांदी अशा धातूंचे असतात, आणि हे प्रमाण बदलून १८ कॅरेटही करता येत असल्यामुळे ते मिश्रणच ठरते.