डोमेनचा लिलाव की ठरलेला भाव?
लातूरच्या डाळमिलवाल्याला हवं असलेलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, दुसऱ्याच्या नावावर आहे. मग लिलावात उतरायचं, की मालक सांगेल तो भाव द्यायचा?

लिलावात नाव स्वस्तात पडू शकतं, पण समोरून बोली कोण चढवतंय ते कळत नाही. आडत बाजारात निदान खरेदीदाराचं तोंड तरी दिसतं! डोमेनचे लिलाव करणाऱ्या स्नॅपनेम्स कंपनीचंच बघा. 2009 मध्ये कंपनीने कबूल केलं, की आपलाच एक अधिकारी 2005 पासून ‘हाल्वारेझ’ या नावाने बोली लावत होता. तो हरला तरी जिंकणाऱ्याला जादा पैसे मोजावे लागायचे.

ठरलेला भाव महाग वाटतो, घासाघीसही होते. पण आकडा समोर असतो. माझं मत त्यालाच. लिलावाचीच हौस असेल तर कमाल रक्कम आधी वहीत लिहून ठेवा.