खासगी वकील की मोफत वकील?

शेजारच्या काकूंचा मुलगा अटकेत आहे. पाटल्या मोडून खासगी वकील द्यावा की मोफतचा घ्यावा, हे त्यांना ठरवता येईना.

खर्चाचं आधी. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, हेल्पलाइन १५१००. खासगीत तारखेगणिक पैसे मागतात, म्हणून एकूण फी आधीच लिहून घ्या.

वेळेचं म्हणाल, तर अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात. घरचे तेव्हा ओळखीपाळखीतच वकील शोधत असतात. पहिल्या रिमांडलाही, म्हणजे कोठडी द्यायची का हे ठरतं त्या सुनावणीलाही, मोफत वकील मागता येतो, हे फार कमी जणांना माहीत असतं.

फुकटचा वकील म्हणजे कच्चा, हे मला अजिबात मान्य नाही. विधी सेवा प्राधिकरणाचं लोक अभिरक्षक कार्यालय आरोपींना मोफत वकील देतं; तिथले वकील पूर्णवेळ फौजदारी खटलेच लढतात. मात्र वकील आपल्या पसंतीचा मिळेलच असं नाही. खासगीत ती मुभा असते.

कागदपत्रांचे गठ्ठे असलेला आर्थिक गुन्हा असेल आणि ऐपत असेल, तर त्यातला जाणकार खासगी वकील बघा. चोरी, मारामारी, जामीन यांसाठी कर्ज काढू नका.

काकूंना म्हटलं, पाटल्या राहू द्या. एफआयआरची प्रत घ्या, उद्या अकराला कोर्टात जाऊ.