दोन पॅनेल, एकच तडा

कुरियरचा पोरगा दोन्ही पॅनेल एकाच काखेत मारून तिसऱ्या मजल्यावर चढून आला, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. उलट मी त्याला कौतुकाने पाणी विचारलं.

आम्ही रोममध्ये राहतो. नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात पॉम्पेईच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहराच्या, भिंतींवरून कापून आणलेली चित्रं पाहिली आणि मला तिसऱ्या शैलीचं वेड लागलं. आउगुस्ट माऊ या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये पॉम्पेईच्या भित्तिचित्रांच्या चार शैली पाडल्या, त्यातली ही तिसरी: सपाट काळा नाहीतर लाल रंग, काडीसारखे बारीक खांब, मधे इवलंसं चित्र. पॉम्पेईजवळच्या बोस्कोत्रेकासेच्या रोमन व्हिलातल्या काळ्या खोलीत तर नाजूक वेलबुट्टीवर हंस बसलेत. हॉलला तसलीच दोन पॅनेल हवीत, असं मी ठरवूनच टाकलं.

नेपल्सच्या जुन्या भागात एक दुकान सापडलं. मालकाने नमुन्याचा तुकडा हातात ठेवला. जड, गारेगार, कडेला चुना-वाळूचे थर स्वच्छ दिसत होते. त्याने ओला बोळा घासला, रंग ढिम्म हलला नाही. ओल्या चुन्यावर रंग दिला की वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा होतो आणि रंग त्यातच अडकतो, एवढं मी वाचलेलं होतं. म्हणून तर जास्तच भुलले. नमुना खराच होता हो! दोन्हींचे ९०० युरो, ४०० आगाऊ, उरलेले पाठवण्याआधी.

सहा आठवड्यांनी पॅनेल आली, टांगली, घरच्या ग्रुपवर फोटो गेले. जुनेपणा दिसावा म्हणून बारीक तडेही होते.

मग वाईहून आई आली. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "अगं, दोन्हींना एकाच जागी तडा कसा गेला?"

हंसाच्या मानेखालून डावीकडे, टोकाला दोन फाटे. दोन्हीकडे तंतोतंत. तिने उठून बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. "हा चुना नव्हे. डबा वाजतोय." मेणवलीच्या वाड्यातल्या रंगवलेल्या भिंती लहानपणापासून पाहिलेली बाई ती. नवऱ्याने भिंग आणलं, तर छपाईचे ठिपके. कड खरवडली, तर आत भुशाचा बोर्ड आणि वर वाळू मिसळलेल्या रेझिनचा पापुद्रा.

दुकानदार फोनवर शांतपणे म्हणाला, बिल वाचा. बिलावर होतं 'स्तीले आफ्रेस्को', म्हणजे फ्रेस्को (ओल्या चुन्यावरचं चित्र) शैलीचं. दुकानात तो दर वाक्याला 'आफ्रेस्को वेरो', अस्सल फ्रेस्को, म्हणत होता, पण ते ऐकायला साक्षीदार कोण? वस्तू वर्णनाशी जुळत नसेल तर इथे दोन वर्षांची कायदेशीर हमी असते, पण आमचं लेखी वर्णन म्हणजे तेवढे दोन शब्द. चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क ऑनलाइन खरेदीला, दुकानात जाऊन दिलेल्या ऑर्डरीला नाही. महिनाभर ई-मेल करून १५० युरो सुटले.

घेणार असाल तर 'ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर हाताने रंगवलेलं' असं बिलावर लिहून घ्या. वजन आधी विचारा. साठ बाय नव्वद सेंटीमीटरचा, दोन सेंटीमीटर जाडीचा गिलावा पंधरा किलोच्या वरच भरतो, काखेत मावत नाही. गिलावा ओला असताना काढलेला फोटो मागा. छापील पॅनेलशी माझं वाकडं नाही, छापील म्हणून आणि छापीलच्या भावात विकलं असतं तर खुशीने घेतलं असतं.

प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की हिंगूळ हा महागडा लाल रंग लावताना रोमन रंगारी भरलेला कुंचला पुन्हा पुन्हा पाण्यात धूत. रंग मालकाचा, तळाशी बसलेला गाळ रंगाऱ्याचा. म्हणजे चित्र नकली असलं तरी आमच्या दुकानदाराने परंपरा अस्सल रोमन पाळली म्हणायची.

एक पॅनेल पलंगाखाली आहे, एक अजून हॉलमध्ये. आई दर रविवारी फोनवर विचारते, "तडा वाढला का गं?"