जॅम्युलस : आजारपणाआधी तीन वर्षं, आजारपणानंतर चार महिने

मी बासरी वाजवते. हौसेनेच, पण ही हौस तीस वर्षांची आहे. कॉम्प्युटरमधलं मला कामापुरतं कळतं, त्यामुळे तांत्रिक चिरफाड हवी असेल तर हा अभिप्राय पुरा पडणार नाही. जॅम्युलस मात्र मी दोनदा शिकले. एकदा धडधाकट असताना, आणि एकदा ओठ नीट मिटतही नव्हते तेव्हा.

आधी वस्तू काय आहे ते. वेगवेगळ्या घरांत बसलेल्या माणसांना इंटरनेटवरून एकाच वेळी एकत्र वाजवता यावं, यासाठीचा हा प्रोग्राम. फुकट आहे, सोर्स कोड सर्वांना खुला आहे, खातं वगैरे उघडावं लागत नाही. फोल्कर फिशर यांनी २००६ मध्ये त्यावर काम सुरू केलं. 'जॅम' आणि 'स्टिम्युलस' यांची मोट बांधून नाव केलंय. आपला आवाज सर्व्हरकडे जातो, सर्व्हर सगळ्यांचे आवाज एकत्र करून प्रत्येकाला परत पाठवतो. पण हे परत येणारं मिश्रण ज्याचं त्याचं वेगळं असतं. पडद्यावर प्रत्येक वादकाच्या नावाचा एक उभा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी, असतो. मला व्हायोलिन किती मोठं ऐकू यावं हे मी ठरवते, आणि व्हायोलिनवाल्या काकूंना मी किती ऐकू यावं हे त्या ठरवतात. त्यांचा फेडर कुठे आहे हे मला दिसत नाही. या न दिसण्याने पुढे माझी चांगलीच फजिती झाली, ती सांगतेच.

व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा प्रयत्न ज्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आवाज इतक्या उशिरा पोचतो की दोघांची साधी टाळी जुळत नाही. वर बासरीचा लांब धरलेला सूर म्हणजे पंख्याची घरघर असं समजून कॉल तो चक्क पुसून टाकतो. सोनोबस आणि जॅकट्रिपही आम्ही वापरून पाहिलं. सोनोबस फोनवरही चालतं, पण त्यात प्रत्येक जण प्रत्येकाला थेट आवाज पाठवतो, त्यामुळे माणसं वाढली की अपलोडवर ताण येतो. जॅकट्रिप स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगीत-संशोधन केंद्रातून आलेलं. ते आवाज न आटवता पाठवतं, म्हणून दर्जा उत्तम आणि लाइनही तशीच तगडी लागते. आम्ही सहा जण, सहा तऱ्हेची कनेक्शनं. जॅम्युलस ओपस कोडेकने आवाज आटवून पाठवतं आणि बेताच्या लाइनवरही तग धरतं. म्हणून तेच राहिलं.

खरा प्रश्न उशिराचा, म्हणजे लेटन्सीचा. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा पडद्यावर ३० मिलिसेकंद उशीर दिसला तर समजायचं, समोरचा माणूस दहा मीटरवर बसून वाजवतोय. मोठ्या वाद्यवृंदात एवढं अंतर असतंच. फायबरमधून सिग्नल एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, त्यामुळे दुसऱ्या शहरातला माणूस ही अडचण नव्हे. अडचण आपल्याच टेबलावर असते. वाय-फाय बंद करा आणि राउटरपासून केबल ओढा. विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हर घाला, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आवाजाची ये-जा कमी उशिरात करणारा छोटा प्रोग्राम. एवढं केलं की उशिराचा दिवा लालचा पिवळा आणि पिवळ्याचा हिरवा होतो. जिटर बफर नावाची एक सेटिंग आहे, ती म्हणजे उशिरा पोचणाऱ्या तुकड्यांसाठी थांबायची खोली. खोली मोठी केली तर आवाज तडतडत नाही पण उशीर वाढतो, लहान केली तर उलटं. ती 'ऑटो'वर सोडून द्या आणि वाजवा.

आता आजारपण. मला जीबीएस झाला, गुलेन बॅरी सिंड्रोम. आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, तो हा आजार. वर्षाला लाखात एक-दोन माणसांना होतो. पायांपासून सुरू झाला, पाचव्या दिवशी हात गेले, आठव्या दिवशी श्वास. एकोणीस दिवस व्हेंटिलेटर. तो मिनिटाला १४ श्वास देत होता, म्हणजे अतिविलंबित लय, आणि सम कधी येतच नव्हती. त्याबद्दल एवढं पुरे.

बाहेर आले तेव्हा पाय हळूहळू ऐकू लागले होते, बोटं अर्धवट ऐकत होती, आणि चेहरा अजिबात नाही. दोन्ही गाल सैल. बासरीवाल्याचं सगळं भांडवल ओठांच्या फटीत असतं. माझी फुंक चारी दिशांना जायची, बासरी सोडून. फिजिओथेरपिस्ट मला पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे काढायला लावत आणि मी दुसरीतल्या मुलीसारखी काढत बसे.

त्यातच एक गोष्ट घडली, जिच्यामुळे मला हा अभिप्राय लिहावासा वाटला. मज्जातंतूंची एनसीव्ही नावाची तपासणी असते. मनगटाशी हलका शॉक देतात आणि स्नायू किती वेळाने हलतो ते मोजतात. माझ्या रिपोर्टच्या तक्त्यात एका रकान्याचं शीर्षक होतं 'लेटन्सी', आणि खाली आकडे मिलिसेकंदांत. मी डॉक्टरांना म्हटलं, हे तर जॅम्युलस आहे. त्यांना वाटलं, बाई भ्रमात आहेत. निरोगी हातात संदेश सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने धावतो. माझ्यात तंतूवरचं मायलिनचं आवरण खरवडलं गेलं होतं, आणि वेग आला होता २७. मानेपासून बोटापर्यंत ऐंशी सेंटिमीटर धरा: आधी पंधरा मिलिसेकंद लागायचे, आता तीस. मधले पंधरा मिलिसेकंद म्हणजे जॅम्युलसवर हिरव्या दिव्यावरून पिवळ्यावर जाण्याइतका फरक. घरी येऊन मी हसत बसले. मला काय झालंय ते इतके दिवस मला समजलंच नव्हतं, आणि आता एकदम समजलं: माझी लाइन खराब झालीय. खराब लाइनवर कसं वाजवायचं हे मला तीन वर्षं माहीत होतं. ठोका ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही, तो कुठे पडणार हे धरून आधीच निघायचं.

आठ महिन्यांनी परत गेले. लपून. नावाची चौकट रिकामी ठेवली की बाकीच्यांना 'नो नेम' दिसतं, आणि 'म्यूट मायसेल्फ' दाबलं की आपला आवाज जात नाही. आमचा सर्व्हर खाजगी आहे, पत्ता फक्त आमच्याकडे, तरी मी चोरासारखी शिरले. ते पाच जण काहीतरी जलद वाजवत होते. माझ्या जागेवर कुणीच नव्हतं. जिथे बासरी यायची तिथे गिटारवाला चार मात्रा नुसत्या सोडून देत होता. मला ते सहन झालं नाही. चॅटमध्ये काकूंनी लिहिलं, "कोण आलंय?" मी प्रोग्राम बंद केला.

पुढच्या आठवड्यात जुन्या नावाने गेले. आरडाओरडा झाला, तो सांगत नाही. मग वाजवायला लागलो. मी ठरवलं होतं, धून वाजवायची नाही, एकच सूर धरायचा, षड्ज, आणि श्वास संपला की सोडायचा. तेवढंच जमत होतं. माझ्या हेडफोनमध्ये तो सूर मला नीट ऐकू येत होता, थरथरत पण जागेवर. वीस मिनिटं मी तो धरला, सोडला, धरला. कुणी काही बोलेना. कुणी माझ्या सुराभोवती फिरतही नव्हतं. मनात आलं, दया करतायत. बोलायचं काय, म्हणून गप्प आहेत.

शेवटी गिटारवाला म्हणाला, "ताई, तू वाजवत का नाहीस? नुसती ऐकतेयस का?"

झालं होतं ते असं. जॅम्युलस प्रत्येक नावाचा फेडर कुठे होता ते लक्षात ठेवतं. तेच नाव परत आलं की फेडर आपोआप जुन्या जागी. आणि आजारपणाआधी मी जोरात वाजवत असे. बासरीचे वरचे सूर कानात टोचतात, म्हणून पाचही जणांनी, एकमेकांना न सांगता, मला पार तळाशी ओढून ठेवलेलं. आठ महिन्यांपूर्वीच्या त्या बाईसाठी लावलेला फेडर माझ्या आत्ताच्या फुंकेला लागू झाला होता. दोष प्रोग्रामचा नाही, त्याने सांगितलेलं निमूटपणे पाळलं. मी नव्या नावाने आले असते तर फेडर आपोआप पूर्ण वर असता. पण जुन्या मंडळींत परतणाऱ्यांनी ही सेटिंग ध्यानात ठेवावी: पहिल्या दिवशी सगळ्यांना आपला फेडर बघायला सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाच फेडर वर गेले. ते मला दिसलं नाही, अर्थातच. पण दुसऱ्या मिनिटाला चेलोवाल्या काकांनी माझ्या सुराखाली पंचम लावला आणि तिथेच थांबले.

कॅमेरा नसणं ही जॅम्युलसची उणीव म्हणून बरेच जण सांगतात. मीही आधी सांगत असे. हात दिसत नाहीत, मान हलवून सम दाखवता येत नाही, शेवट कसा करायचा हे आधी बोलून ठेवावं लागतं. हे सगळं खरं आहे. पण चेहरा लुळा असताना, लाळ पुसत पुसत वाजवताना, मला कुणी पाहत नव्हतं याची किंमत मी कशी करू? वीस मिनिटांनी थकवा आला की 'म्यूट मायसेल्फ' दाबून पलंगावर आडवी व्हायचे, हेडफोन कानावर तसेच. जीबीएसनंतरचा थकवा हा झोप काढून जाणारा थकवा नव्हे, तो महिनोन्‌महिने राहतो. प्रत्यक्षात कुणाच्या घरी जमलो असतो तर मी तिसऱ्या आठवड्यापासून कारणं सांगायला लागले असते.

उणं सांगायचं तर एक मोठं आहे. स्वतःचा आवाजही सर्व्हरवरून परत आलेलाच ऐकायचा, हा जॅम्युलसचा पहिला नियम. तो मोडून थेट आवाज ऐकला की आपण इतरांच्या उशिरा आलेल्या ठोक्याला जुळवतो, इतर आपल्या आणखी उशिरा पोचलेल्या ठोक्याला, आणि लय बैलगाडीसारखी मंदावत जाते. स्टॅनफर्डच्या क्रिस चेफ यांनी लोकांना टाळ्या वाजवायला लावून हे तपासलंय: उशीर साधारण ११ मिलिसेकंदांच्या खाली असला तर लय उलट पळते, वर गेला की ओढली जाते. इलेक्ट्रिक गिटारवाल्याला नियम पाळणं सोपं, वायर लावली की झालं. बासरी आपल्या तोंडाशी, आवाज हाडांतून कानात. बंद कपांचे हेडफोन घेऊनही मला तीन वर्षं हा नियम धड पाळता आला नव्हता. आजारपणानंतर फुंकच इतकी बारीक की थेट काही ऐकू येईना, हेडफोनमधलंच ऐकावं लागलं. माझी लय इतकी चोख कधीच नव्हती, असं ड्रमवाला म्हणाला. हा सल्ला म्हणून देता येणार नाही.

बाकी किरकोळ. सार्वजनिक सर्व्हरवर कुणीही शिरतं आणि त्याला बाहेर काढायची सोय नाही. स्वतःपुरता त्याचा आवाज बंद करायचा. फेडर माउसने ओढायचे तर बोटांत बारीक पकड लागते, जी माझ्याकडे नव्हती. त्यावर उपाय म्हणजे मिडी कंट्रोलर, खऱ्या सरकत्या दांड्यांचा. तो जोडता येतो, पण मला जोडणीची आज्ञा टाइप करून द्यावी लागली. माझ्या भाच्याने ती बसवून दिली. सर्व्हरवर रेकॉर्डिंग होतं ते प्रत्येक वाद्याचं वेगळं, हे मात्र झकास. पहिल्या दिवसाचं माझं एकटीचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. अजून ऐकलेलं नाही.

प्रोफाइलमध्ये कौशल्याची पातळी विचारतात: बिगिनर, इंटरमीडिएट, एक्स्पर्ट. पूर्वी मी बेधडक तिसरी ठेवली होती. परत आल्यावर पहिली केली. काकूंनी चॅटमध्ये लिहिलं, "नाटकं पुरेत." मी बदललं नाही. गेल्या महिन्यात खालच्या सप्तकात पूर्ण धून वाजवली, तेव्हा मधली केली.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण हेडफोनसाठी कापला, जो खरं तर बासरीचा कापायला हवा.

परवा वरच्या षड्जाला फुंक लागली. गिटारवाला म्हणाला, "ताई, कान गेले, तुझा फेडर खाली घेतोय."

म्हटलं, घे.