पाणी उकळायचं की फिल्टर लावायचा?

आपल्या नाशकात बहुतेक घरांत गंगापूर धरणाचं पाणी येतं, काही भागांत मुकणे धरणाचं. दोन्ही पावसाचं साठलेलं पाणी, क्षार बेताचेच. म्हणून आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर, मी आधीच बाजूला ठेवतो. लिटरला पाचशे मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस (विरघळलेले क्षार) असलेल्या पाण्याला आरओ नको, हे हरित लवादानेही २०१९ मध्ये सांगितलं होतं. सोसायटी टाकीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर मात्र मोजून बघा आणि मग ठरवा.

राहिला साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील उजेडाने जंतू मारणारा, आणि गॅसवरचं पातेलं. आमच्याकडे दोन्ही झालंय.

फिल्टरची सोय वादातीत. तोटी सोडली, तांब्या भरला. उन्हाळ्यात तर पाहुणे आले तरी चिंता नाही. पण त्याची परीक्षा असते आषाढात. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागल्याची बातमी येते, त्याच सुमारास नळालाही गढूळ येऊ लागतं. आतली पांढरी दोऱ्याची कँडल बघता बघता गेरूच्या रंगाची होते, धार सुतासारखी बारीक होते, आणि गाळ पुढे सरकला तर यूव्हीचा उजेड जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. सर्व्हिसवाल्याला फोन करावा तर, ‘साहेब, सध्या सगळीकडूनच कॉल आहेत, शनिवारी बघतो.’ कुठला शनिवार, ते तो सांगत नाही. त्यात संध्याकाळी लाइट गेली की यंत्र मुकाट. पोटं बिघडण्याच्या ऐन दिवसांतच हे रुसून बसणार, याचा मला मनस्वी कंटाळा आला.

उकळण्यालाही कटकट आहेच. गॅस जातो. रात्री कुणीतरी आठवणीने पातेलं चढवावं लागतं, आणि मे महिन्यात ते निवेपर्यंत स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. गढूळपणा उकळून जात नाही, त्यामुळे पावसाळ्यात आधी तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. मात्र आमच्या आत्या सांगतात तसं वीस मिनिटं उकळत ठेवायची गरज नाही. खळखळून उकळी आली, मिनिटभर राहिली की पुरे. बाकीचा गॅस फुकट. चव थोडी मेलेली लागते, पण या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतलं की सुधारते.

एक गोष्ट लोक विसरतात. उकळताना क्लोरीन उडून जातं, म्हणजे त्या पाण्याला पुढे राखणदार नाही. झाकण, तोटीचा माठ किंवा लांब दांड्याचं ओगराळं हवंच, आणि पाणी रोजच्या रोज संपवायचं. माठात हात बुचकळणारं पोर घरात असेल तर सगळी मेहनत वाया.

दोघंही सकाळी सातला घर सोडत असाल, किंवा घरी एकट्या आजी असतील आणि गरम पातेलं उतरवणं जमत नसेल, तर फिल्टरच बरा, त्यात वाद नाही. आम्ही तिघं माणसं, रात्री घरी असतो, म्हणून आम्हाला पातेलं मानवलं; तुमच्याकडेही साधारण असंच असेल तर पावसाळाभर तरी करून बघा, असं म्हणेन. फिल्टर घेणार असाल तर जादा कँडल मे महिन्यातच आणून ठेवा. आषाढात मागायला गेलात की दुकानदार ‘परवा या’ म्हणतो.