पी३६५ : पिस्तुलाबद्दल तक्रार नाही, होल्स्टरच्या क्लिपबद्दल मात्र बोलायचंच आहे

सिग साउअर पी३६५ हे छोटं पिस्तूल वापरत असताना हा माझा दुसरा उन्हाळा, आणि तोही ह्यूस्टनचा. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात, ती पुन्हा उगाळत नाही. लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे: होल्स्टरची, म्हणजे पिस्तूल कमरेला लावायच्या खोळीची, क्लिप तुटली. पाचशे डॉलरच्या वरचं पिस्तूल, वर गोळ्या, रेंजची फी, लायसन्सचा क्लास, आणि सगळं अडलं कशावर, तर अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर. त्यानंतर त्या होल्स्टर कंपनीशी जो ईमेलव्यवहार झाला, तो आठवला की अजून डोकं तापतं.

माझी क्वार्टर (पंचवीस सेंटचं नाणं) टाकून चालवायच्या मशीनची लॉन्ड्री आहे. रात्री बंद करताना मशीनमधली नाणी काढायची, मोजायची, पिशवीत भरायची. पाचशे डॉलरचे क्वार्टर ११ किलोंच्या वर भरतात. एवढं ओझं घेऊन पार्किंगमधून गाडीकडे जाणारी पाच फुटी बाई लांबूनही लक्षात येते. कोणी पिशवी मागितली तर पिशवी देऊन टाकायची, हे मी आणि नवऱ्याने आधीच ठरवलंय. तिचा विमा आहे. पिस्तूल आहे ते पिशवी देऊनही माणूस मागे हटला नाही तर.

एच-१बीवर असणारे मला भेटले की हमखास विचारतात, ‘ताई, आम्हालाही घेता येईल का?’ तर नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. हंटिंग लायसन्सची एक पळवाट आहे, पण त्यासाठी वकिलाला विचारा, मला नको. ग्रीन कार्ड झालं की रस्ता मोकळा.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या माणसाला कॅरी करायला, म्हणजे ती अंगावर घेऊन फिरायला, लायसन्स लागत नाही. तरीही मी काढलं. फी ४० डॉलर, आणि खर्चाच्या बाबतीत मी कशी आहे ते घरच्यांना विचारा, पण हे चाळीस डॉलर डोळे मिटून दिले. माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर एलिमेंटरी शाळा आहे. शाळेच्या हजार फुटांच्या आत बंदूक घेऊन फिरायला फेडरल कायद्याची मनाई आहे, आणि राज्याचं लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. ‘आता परमिट लागत नाही’ म्हणत फिरणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं. परीक्षेत ५० गोळ्या असतात, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. छोट्या पिस्तुलाने १५ यार्डांवर जरा घाम फुटतो, बाकी काही नाही.

आता निवड. रेंजवर भाड्याने पिस्तुलं मिळतात, ती आधी चालवून बघा. काउंटरवर नुसतं हातात धरून काही कळत नाही. मला पहिल्यांदा काउंटरवरच्या माणसाने रूगर एलसीपी दिली. .३८० कॅलिबरची, जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमची. बाई दिसली की हलकं आणि चिमुकलं हातात द्यायचं, हा इथल्या काउंटरवरचा रिवाज आहे. पिस्तूल हलकं असलं की धक्का सगळा मनगटात जातो. एक मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) संपेपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यात आग. मग ग्लॉक १९ चालवून बघितली: १५ गोळ्या, रिकाम्या मॅगझिनसकट ६७० ग्रॅम. चालवायला सगळ्यात सोपी, नेम आपोआप बसतो. पण जाडी आणि उंची अशी की माझ्या कुर्तीखाली ती लपणार नाही. ग्लॉक ४३एक्स आणि पी३६५ यांच्यात बराच वेळ गेला. शेवटी पी३६५, ती मुठीच्या उंचीमुळे. कपड्यातून आकार दिसतो (इथे सगळे त्याला प्रिंट होणं म्हणतात) तो नळीचा नसतो, मुठीचा असतो. नळी खाली पँटमध्ये जाते, मूठ वर राहते आणि वाकलं की तीच कुर्तीला तंबू करते. ४३एक्सची मूठ हाताला छान बसते, पण पाऊण इंचाने उंच आहे. हा पाऊण इंच कागदावर किरकोळ वाटतो, ड्रायरमधून कपडे काढायला वाकल्यावर कळतो.

२०१८ साली पी३६५ आली तेव्हा एवढ्याशा आकारात १० गोळ्या हेच नवल होतं. त्याआधीच्या ग्लॉक ४३मध्ये ६ बसायच्या. आता सगळ्याच कंपन्या दहा-अकरा देतात, त्यामुळे त्याचं कौतुक कशाला. सेफ्टीचा खटका असलेलं मॉडेलही मिळतं. मी बिनखटक्याचं घेतलं. त्यावर वाद घालायचा असेल तर घाला, पण मग होल्स्टर कडक आणि ट्रिगर पूर्ण झाकणारंच हवं. पर्समध्ये किल्ल्या-लिपस्टिकबरोबर सुटं पिस्तूल टाकणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, त्यांच्या शेजारी मी बसत नाही.

आणि इथे येतो मूळ विषय.

पुरुष सांगतात, उजव्या कुल्ह्यामागे लावा, नाभी म्हणजे बारा धरलं तर चारच्या काट्यावर. बायकांचं धड आखूड, कुल्हा बाहेर आलेला. तिथे लावलं की मूठ थेट बरगडीत घुसते. म्हणून मी पुढे लावते, नाभीच्या जरा उजवीकडे. तिथे मूठ पोटाकडे दाबून ठेवायला होल्स्टरला एक छोटा पंख असतो, क्लॉ म्हणतात, तो पट्ट्याला टेकून मूठ आत वळवतो. झकास चालतं. पण हे सगळं गणित एका क्लिपवर उभं आहे. क्लिपचा खालचा आकडा पट्ट्याच्या खालच्या कडेखाली अडकला पाहिजे, आणि पिस्तूल ओढताना होल्स्टर तिथल्या तिथे राहिलं पाहिजे. क्लिप सैल असेल तर पिस्तुलाबरोबर होल्स्टरही वर येतं. म्हणजे ऐन वेळी हातात काय, तर कायडेक्सच्या (कडक प्लास्टिकच्या) खोळीत बंद पिस्तूल. तोळ्यातोळ्याने पारखून हार घ्यायचा आणि फासा मात्र पितळेचा, असला हा प्रकार.

तुटली ती ड्रायरची खालची जाळी साफ करायला उकिडवी बसले तेव्हा. कट् असा बारीक आवाज आला. मला वाटलं पँटची शिवण उसवली. उठून उभी राहिले तर होल्स्टर डावीकडे कलंडलेलं, पट्ट्यात जेमतेम अडकलेलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं. पोटावर हात दाबून, पोटात कळ आल्यासारखी मागच्या खोलीत गेले. बघते तर क्लिप वळणावर तुटलेली, मोडलेली कड पांढरट. त्या वळणावर आधीपासून एक पांढरी रेघ दिसायची, ती मला डाग वाटायची. तुमच्या क्लिपवर अशी रेघ असेल तर तो डाग नाही, प्लास्टिक थकलंय. एक तर ते रोज वाकतं, त्यात उन्हाळ्यात इथली बंद गाडी म्हणजे भट्टी.

कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. डब्यावर ठळक अक्षरांत ‘लाइफटाइम वॉरंटी’. ईमेल टाकला. उत्तर आलं, फोटो पाठवा. पाठवला. उत्तर आलं, दुसऱ्या बाजूने पाठवा. पाठवला. मग उत्तर आलं की वॉरंटी शेलला, म्हणजे नुसत्या खोळीला आहे, क्लिप आणि स्क्रू ‘वेअर आयटम’ आहेत, ते झिजणारच. मी विचारलं, जी वस्तू तुटली की बाकीचं सगळं निरुपयोगी होतं ती झिजणारी कशी काय? यावर एका भल्या माणसाने ‘तुमची निराशा आम्ही समजू शकतो’ असं लिहून मला सहा डॉलरचं स्टोअर क्रेडिट दिलं. क्लिप सहा डॉलरची आहे. शिपिंग नऊ डॉलर. नऊ डॉलर भरून सहा डॉलरची, पुन्हा त्याच प्लास्टिकची क्लिप! आमच्या आईने ऐकलं असतं तर त्या माणसाला घरी बोलावून चहा पाजला असता आणि मग हिशेब समजावून सांगितला असता.

शेवटी दुसरीकडून स्प्रिंग स्टीलची क्लिप घेतली. पातळ, जरा धारदार, पट्ट्याला असा चावा घेते की काढताना नखं दुखतात. हवंय ते हेच. घरी पिस्तूल रिकामं करून, पुन्हा रिकामं आहे ना ते बघून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून ओढून बघितलं. होल्स्टर जागचं हललं नाही. स्क्रू मात्र नव्या क्लिपचेही सैल होतातच, कंपनामुळे असेल. त्यावर निळं थ्रेडलॉकर लावतात; ती बाटली मला महाग वाटली म्हणून आट्यांवर जुनं नेलपॉलिश लावलं. वाळून घट्ट बसलं. स्क्रूवर एक आडवी रेघही नेलपॉलिशनेच ओढलीय, रेघ सरकली की कळतं स्क्रू फिरला. या एका युक्तीसाठी तरी मला कोणी काहीतरी पाठवा.

बाकी पिस्तुलाबद्दल बोलायचं तर एकच, आत जाणारा कचरा. कमरेला लावलेल्या कुठल्याही पिस्तुलात कपड्यांचे तंतू जातात, पण लॉन्ड्रीत विचारू नका. मॅगझिनच्या तोंडाशी, स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) खोबणीत, नेम धरायच्या मागच्या साइटच्या खाचेत करडा पिंजलेला कापूस बसतो. जुना टूथब्रश, तेलाचा थेंब, पुसून टाकायचं. रेंजवर अडकलं कधीच नाही, याचं श्रेय तिला द्यायला हवं. आणखी एक: रोज रात्री चेंबरमधली, म्हणजे नळीत भरलेली, गोळी काढून सकाळी तीच परत भरू नका. वारंवार आपटून बुलेट (गोळीचं पुढचं टोक) पितळी केसमध्ये आत सरकते, आणि मग झाडताना दाब वाढतो. मी आता भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकटच काढते आणि तसंच बोटाच्या ठशाच्या तिजोरीत ठेवते. भाचा शनिवार-रविवारी येतो, त्यामुळे तिजोरीला पर्याय नाहीच.

मॅगझिनबद्दल मात्र माझं मत बदललंय. डब्यात दोन आली होती, एक सपाट बुडाची, एक करंगळी टेकायला पुढे ओठ असलेली. मुठीची उंची हाच सगळा मुद्दा म्हणून सुरुवातीला मी ओठवाली ड्रॉवरमध्ये टाकली होती आणि ज्याला-त्याला सपाटच लावा असं सांगत होते. जुलैत घामेजल्या हाताने रेंजवर उभी राहिले तर सपाटमध्ये करंगळी हवेत, मूठ तळहातात फिरते, दुसरी गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. ओठवाली लावली की सगळं जागेवर. मग वरचं ते पाऊण इंचाचं पुराण? ते खरंच आहे, पण ओठ जेमतेम अर्धा इंच आणि पुढे वळलेला, त्यामुळे कुर्तीत तेवढा दिसत नाही. आता रोज तीच. म्हणजे ४३एक्सला मी जरा जास्तच झटकून टाकलं का? थोडं तसं वाटतं. मोठ्या पंजाच्या माणसाने ती आधी चालवून बघावी.

कपड्यांचं म्हणाल तर आपला सैल कुर्ता हा या कामासाठी इथल्या कुठल्याही टी-शर्टपेक्षा सरस. फक्त आत जीन्स आणि कडक पट्टा हवा, लेगिंग्जवर काही टिकत नाही. गंमत म्हणजे वर्षातून ज्या दिवशी सगळे कुर्ता घालतात त्या दिवशी पिस्तूल सोबत नेता येत नाही. मंडळाचा गणपती शाळेच्या ऑडिटोरियममध्ये असतो, आणि शाळेच्या इमारतीत लायसन्स असलं तरी बंदी. दारावर ३०.०६ची (लपवलेली बंदूक आत आणू नका सांगणारी) पाटी असेल तिथेही नाही, ५१ टक्केवाल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची असलेल्या बारमध्ये नाही. अशा दिवशी मी ते घरीच ठेवते. गाडीत ठेवून काच फुटण्याची वाट कोण बघणार?

घ्यावं का? ज्याला रोज अंगावर वागवायचंय आणि कपडे बदलायचे नाहीत, त्याने घ्यावं. फक्त होल्स्टरला नि पट्ट्याला पहिल्याच दिवशी शंभर-सव्वाशे डॉलर बाजूला काढा आणि क्लिप धातूचीच मागा. ते सहा डॉलरचं क्रेडिट माझ्या खात्यावर अजून पडून आहे. शिपिंग नऊवरून खाली आलं का ते अधूनमधून बघते.