म्युनिकचं घर, स्पेनचं खातं आणि माझे ३,५२,११० रुपये

आकडा आधी सांगतो. तो सांगायची लाज वाटते म्हणून लोक गप्प बसतात आणि मागून येणारा त्याच खड्ड्यात पडतो. ३,७४० युरो. मार्च २०२५ मध्ये बँकेने युरोला ९३.४० रुपये दर लावला, त्याचे झाले ३,४९,३१६ रुपये. दोन वेळा परदेशी पैसे पाठवण्याचं शुल्क आणि जीएसटी मिळून आणखी २,७९४. एकूण ३,५२,११०. हे पैसे म्युनिकच्या झेंडलिंग भागातल्या एका घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं आणि किल्लीच्या कुरियरचा ‘विमा’ म्हणून गेले. त्या घरात मी कधी पाऊल टाकलं नाही, कारण ते घर झेंडलिंगमध्ये नव्हतंच.

घरमालकीण कामासाठी परदेशात, घर रिकामं, किल्ली कुरियरने, पैसे आधी. हा प्रकार सगळ्यांना ठाऊक असतो, मलाही होता. तरी फसलो. त्याचं मुख्य कारण जर्मनीला निघालेल्या प्रत्येकाच्या डोक्यात भरवली जाणारी एक अर्धवट माहिती: ‘उतरल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी केली नाही तर दंड होतो.’ ही नोंदणी म्हणजे अनमेल्डुंग. ती नसेल तर कर-क्रमांक येत नाही, आणि कर-क्रमांकाशिवाय पगारातून सहाव्या कर-वर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त दराने, कापणी होऊ शकते. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातलं ब्लू कार्डचं, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदाराच्या राहण्याच्या आणि कामाच्या परवान्याचं, कामही पत्त्यावर अडतं. हे सगळं खरं आहे. पण दोन आठवड्यांची मुदत विमानातून उतरल्यापासून मोजत नाहीत, घरात राहायला गेल्याच्या दिवसापासून मोजतात. परदेशातून आलेला माणूस हॉटेलात उतरला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत तिथे नोंदणी करावीच लागत नाही. म्हणजे पुण्यात बसून, घर न बघता, पैसे भरण्याची काहीही गरज नव्हती. हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर साडेतीन लाख वाचले असते. कंपनीच्या एचआरने पाठवलेल्या कागदातसुद्धा ‘उतरल्यावर १४ दिवसांत’ असंच लिहिलं होतं.

आता जाहिरात. दोन खोल्या, म्हणजे आपल्याकडचा वन बीएचके. ५४ चौरस मीटर, सुमारे ५८० चौरस फूट, फर्निचरसकट. काल्टमीटे ७४० युरो, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. पाणी, हीटिंग, कचरा, जिन्याची सफाई असे वरचे खर्च १५०. मिळून वार्ममीटे ८९०. तेव्हा त्याच भागात फर्निचरवाली घरं मला १,४०० ते १,६०० युरोंना दिसत होती. ८९० स्वस्त होतं, पण फुकट वाटावं इतकं नाही. या लोकांचं कसब तिथेच आहे. ४०० युरो लिहिले असते तर मी पान उलटलं असतं.

मी डोळे झाकून पैसे टाकले नाहीत, हेही लिहायला हवं, कारण नंतर प्रत्येकाने ‘एवढं शिकलेला माणूस आणि...’ असंच ऐकवलं. रस्ता नकाशावर शोधला, होता. घर क्रमांक होता. जर्मन करारनामा भाषांतर करून ओळन् ओळ वाचला. घरमालकिणीने पासपोर्टची प्रत पाठवली, त्यावरचं नाव करारातल्या नावाशी जुळवलं. आज कळतं की हे सगळं बिनकामाचं होतं. तो पासपोर्ट बहुधा माझ्या आधी फसलेल्या कुणाचा तरी होता. पासपोर्टची प्रत हातात असणं हा मालकीचा पुरावा नाही. जर्मनीत मालकी ग्रुंडबुखमध्ये, म्हणजे जमीन-नोंदवहीत असते. घराची बोलणी खरोखर चालू आहेत हे पटवून दिलं तर भाड्याने घेणाऱ्यालाही तिथल्या कार्यालयात मालकाचं नाव तपासण्याची मागणी करता येते.

आता ते, जे आठवलं की अजून झोप उडते.

स्वयंपाकघराचा फोटो. ओट्याच्या वर भिंतीत प्लगचं सॉकेट, त्याला तीन चौकोनी भोकं आणि बाजूला बटण. आपल्या घरात प्रत्येक सॉकेटला बटण असतं, त्यामुळे भारतीय डोळ्याला त्यात काहीच खटकत नाही. पण जर्मनीत सॉकेट गोल असतं, भिंतीत खोलगट. आत दोन गोल भोकं, वर आणि खाली अर्थिंगच्या धातूच्या पट्ट्या, आणि बटण नसतंच. तीन चौकोनी भोकं आणि बटण म्हणजे ब्रिटन. तो फोटो मी किमान वीस वेळा पाहिला. मिक्सर कुठे ठेवायचा याचा विचारसुद्धा त्याच सॉकेटकडे बघत केला. पैसे गेल्यावर फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर मँचेस्टरच्या एका घराच्या जुन्या जाहिरातीत सापडला. दोन मिनिटांचं काम. आठ दिवस आधी केलं असतं तर! ज्या देशात जायचं तिथलं सॉकेट, खिडकी, रेडिएटर कसं दिसतं ते आधी पाहून ठेवा. जर्मन खिडकी एकाच मुठीने आत उघडते आणि वरून तिरकीही होते. वर-खाली सरकणारी काच दिसली तर थांबा.

दुसरी खूण करारातच होती. डिपॉझिट ‘तीन वार्ममीटे’, म्हणजे ८९० गुणिले तीन, २,६७० युरो. जर्मन नागरी कायद्याचं कलम ५५१ सांगतं की डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही. इथे ती मर्यादा २,२२० युरो होती, मागितले ४५० जास्त. त्याच कलमाप्रमाणे भाडेकरू डिपॉझिट तीन सारख्या मासिक हप्त्यांत देऊ शकतो आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना लागतो, त्याआधी नाही. पूर्ण डिपॉझिट आगाऊ मागणारा एकतर कायदा जाणत नाही किंवा त्याला घर द्यायचंच नाही. एजंटच्या फीचंही तसंच: १ जून २०१५ पासून घर भाड्याने देताना ज्याने एजंट नेमला त्यानेच पैसे द्यायचे. मालकाच्या एजंटने तुमच्याकडे फी मागितली तर सरळ नाही म्हणा.

पैसे द्यायच्या वेळी एका नावाजलेल्या बुकिंग साइटसारख्या दिसणाऱ्या पानाची लिंक आली. ‘किल्ली हातात पडेपर्यंत रक्कम आमच्याकडे सुरक्षित राहील’ असं लिहिलं होतं. आणि पैसे भरायचे कुठे? एका व्यक्तीच्या नावाच्या बँक खात्यात. खात्याचा क्रमांक ‘ईएस’ने सुरू होणारा, २४ अक्षर-अंकांचा, म्हणजे स्पेनचा, जर्मन क्रमांक ‘डीई’ने सुरू होतो आणि २२ चा असतो. विचारल्यावर उत्तर आलं, ‘कंपनीचा स्पेनमधला अधिकृत प्रतिनिधी.’ मी मानलं. का मानलं, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. युरोपात स्पेनच्या खात्यात भाडं घेणं बेकायदा नाही. पण करार एकीच्या नावाने, खातं दुसऱ्याच्या नावाने, आणि मध्ये सुरक्षिततेची हमी देणारी ‘कंपनी’, हे तिन्ही एकत्र आले की तिथून उठायचं. खरी बुकिंग साइट स्वतःच्या पानावर पैसे घेते, कुणाच्या खासगी खात्यात नाही.

गुरुवारी ३,५६० युरो गेले. शुक्रवारी संध्याकाळी किल्लीच्या कुरियरसाठी ‘परत मिळणारा विमा’ म्हणून १८० मागितले, तेही दिले. सोमवारी १,२०० युरोंची ‘पहिल्या सहा महिन्यांची हमी’ आली तेव्हा हात थांबला. शुक्रवार संध्याकाळ त्यांनी उगाच निवडलेली नसते. शनिवार-रविवार युरोपातल्या बँका बंद, तक्रार करायची म्हटली तरी दोन दिवस जातात. तोवर खातं रिकामं.

आता अधिकाऱ्यांचं. इथे मला आवाज चढवावाच लागेल.

माझ्या बँकेच्या शाखेत सोमवारी सकाळी दहाला गेलो. पैसे परत मागवण्याचा संदेश स्विफ्टने, म्हणजे देशोदेशीच्या बँकांच्या संदेश-यंत्रणेने, पाठवता येतो, हे मला माहीत होतं, समोरच्या अधिकाऱ्याला नव्हतं. त्याने आधी फॉर्म शोधला, मग मॅनेजर रजेवर असल्याचं सांगितलं, मग ‘तुम्हीच तर पाठवलेत’ असं ऐकवलं. संदेश बुधवारी गेला. स्पेनच्या बँकेचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं: खात्यात रक्कम नाही, आणि खातेदाराची माहिती फक्त तपास यंत्रणांना देऊ. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, राष्ट्रीय सायबर तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला. पुढे काहीच नाही. १९३० ची खाती गोठवण्याची सोय देशातल्या खात्यांसाठी आहे. पैसा परदेशी खात्यात गेला की त्यांच्या हातात फारसं उरत नाही. मग तसं पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा ना! चाळीस मिनिटं माहिती लिहून घेतली आणि शेवटी ‘जवळच्या पोलीस ठाण्यात जा.’

ठाण्यात उत्तर ठरलेलं: ‘गुन्हा जर्मनीत घडला, तिकडे तक्रार करा.’ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून गुन्हा नोंदवायचं टाळता येत नाही. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. दोन्ही कलमं कागदावर लिहून नेली होती. तो कागद हवालदाराने वाचला, परत दिला आणि ‘साहेब आल्यावर या’ म्हणाला. तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेला लेखी अर्ज घेतला, गुन्हा नाही. पैसे पुण्यातून गेले, खातं पुण्यातलं, फसलेला माणूस पुण्यात बसलेला, आणि गुन्हा म्हणे जर्मनीत!

जर्मनीत पोचल्यावर तिथल्या पोलिसांकडे गेलो. त्यांनी तक्रार व्यवस्थित घेतली, फाइल क्रमांक दिला. काही महिन्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं जर्मन पत्र आलं: आरोपीचा शोध लागला नाही, तपास थांबवला आहे. तक्रार घेताना त्यांनीही विचारलं होतं, ‘पैसे भारतातून गेलेत ना?’ म्हणजे भारत म्हणतो जर्मनी, जर्मनी म्हणतो भारत, आणि पैसा स्पेनमध्ये. या तिघांच्या मधल्या फटीत हा धंदा चालतो, आणि ही फट बुजवणं कुणाचंच काम नाही, असं वागतात सगळे.

तरी तक्रार करा. पैसे परत येतील म्हणून नाही, फाइल क्रमांकासाठी. त्याच्याशिवाय शूफाकडे, म्हणजे जर्मनीतल्या पत-माहिती संस्थेकडे, ‘ओळख चोरीला गेली’ अशी नोंद करताना अडचण येते. आणि बँकेने तीस दिवसांत धड उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. शाखेतल्या प्रत्येक भेटीची तारीख त्यासाठी लिहून ठेवा.

९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो चलनाच्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि खाते क्रमांक जुळतात का हे दाखवावं लागतं. चांगली गोष्ट आहे. पण भारतातून स्विफ्टने पाठवलेल्या पैशाला ही तपासणी नाही. म्हणून डिपॉझिट जर्मन खातं उघडल्यावर, तिथूनच द्या.

चार-सहा आठवड्यांसाठी तात्पुरतं घर घ्या आणि ‘इथे नोंदणी करता येईल का, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग द्याल का’ हे आधी लेखी विचारा. हा घर देणाऱ्याच्या सहीचा कागद; १ नोव्हेंबर २०१५ पासून त्याच्याशिवाय नोंदणी होत नाही. टपालपेटीवर तुमचं आडनाव लावायला सांगा, नाहीतर कर-क्रमांकाचं पत्र आल्यापावली परत जातं. ३००-४०० युरोंत नुसता पत्ता विकणारे भेटतील. जवळही फिरकू नका: न राहता पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड आहे, आणि खोटी नोंदणी करणाराही सुटत नाही.

व्हिडिओ कॉलवर घर दाखवतो म्हणाला तर कॉल रस्त्याच्या पाटीपासून सुरू करायला लावा. मग घर क्रमांक, मग दारावरच्या घंट्यांची आडनावं, मग जिना, सगळं कॉल न तोडता. तेही पुरेसं नाही. चार दिवस भाड्याने घेतलेलं घर दहा जणांना दाखवणारेही आहेत. ओळखीचा कुणी, महाराष्ट्र मंडळातला कुणी, जाऊन घंटेवरचं नाव वाचून शेजाऱ्याला विचारेल तर उत्तम. पैसे आणि किल्ली एकाच वेळी, मीटरचे आकडे लिहिलेल्या हस्तांतरणाच्या कागदावर सही करून.

कागदपत्रं पाठवताना पासपोर्ट क्रमांक आणि खालच्या दोन ओळी झाका, आणि प्रतीवर आडवं मोठ्या अक्षरांत ‘फक्त अमुक घरासाठी, अमुक तारीख’ असं लिहा. मी हे केलं नाही. पासपोर्ट, नोकरीचा करार, तीन पगारपत्रकं, सगळं स्वच्छ, सहीसकट पाठवलं. पैसे गेले ते गेले. ही कागदं अजून त्यांच्याकडे आहेत, आणि पुढच्या माणसाला घरमालकाची ओळख म्हणून तीच दाखवली जाणार. म्हणून, म्युनिकमधलं घर बघताना तुम्हाला ‘मी सध्या कामासाठी परदेशात आहे’ असं लिहिणारा घरमालक भेटला, आणि त्याने पुणे कार्यालयाने दिलेल्या भारतीय पासपोर्टची प्रत पाठवली, तर पैसे पाठवू नका. तो पासपोर्ट माझा असू शकतो. आणि ते घर माझं नाही.